वणव्यानंतरची वर्गणी
(उपदेशक व मंडळीतील पंच यांच्या अभ्यासासाठी)

सीताबर्डीच्या बाजारात उभे राहून वणवा म्हणजे काय याची कल्पना येत नाही. येथे आग लागली तर बंब धावून येतो. गडचिरोली-चंद्रपूरकडील रानात चैत्रात आग पसरली म्हणजे वनरक्षक पोहोचेपर्यंत गावकऱ्यांनाच ओल्या डहाळ्या घेऊन ती झोडपावी लागते. घरे वाचली तरी नुकसान टळले असे नाही. मोहाची फुले, तेंदूचे पान, छपराचे गवत, गुरांचा चारा, हे सारे एका रात्रीत जाते. ज्याच्या नावे सातबारा आहे त्याचे जळलेले पीक कागदावर येते. भूमिहीनाचे शेत म्हणजे रानच, म्हणून त्याची हानी कोणाच्या वहीत सहज येत नाही. मदत गोळा करणाऱ्याने त्याचे दार प्रथम ठोठवावे.

पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमविली, तो भाग आपणांस ठाऊक आहे. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूस ठेवावे, असे त्याने करिंथकरांस कळविले. परंतु तो पैसा त्याने एकट्याने हाताळला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, यासाठी की त्या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष लावू नये. आमच्यापैकी पुष्कळ उपदेशक या धड्याचा पहिला अर्धा भाग उत्साहाने शिकवितात व दुसरा गाळून टाकितात! वर्गणी एकाच्या खिशात किंवा एकाच्या मोबाइलवरील खात्यात जमू देऊ नये. निदान तिघांच्या नावे हिशेब असावा, त्यांत एक स्त्री असावी, आणि जमाखर्च उपासनेनंतर सर्वांदेखत वाचावा.

पैसा कशासाठी मागितला, हेही आधी लिहून ठेविले पाहिजे. ऑस्ट्रेलियात २०१९-२० साली भयंकर वणवे पेटले, तेव्हा सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने लोकांस हाक घातली आणि ५ कोटी १० लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. देणाऱ्यांपैकी अनेकांस वाटत होते की यातून घरे जळलेल्यांस व होरपळलेल्या वन्य प्राण्यांसही साहाय्य मिळेल. परंतु रक्कम ज्या निधीकडे गेली तो न्यू साउथ वेल्स प्रांताच्या ग्रामीण अग्निशामक दलाचा होता. मे २०२० मध्ये तेथील न्यायालयाने सांगितले की निधीच्या दस्तऐवजाबाहेर तो खर्चिता येणार नाही; जखमी जवान व मृत जवानांची कुटुंबे यांस देता येईल, इतर संस्थांस नाही. कोणी लबाडी केली नव्हती. तरी देणाऱ्यांचा हेतू पुरा झाला नाही. शंभर उंबऱ्यांच्या गावात हीच गोष्ट घडली तर न्यायालय नसते, केवळ भांडण असते.

आता अवघड प्रश्न. मदत कोणास? आमचे स्पष्ट मत आहे की ती मंडळीपुरती ठेवू नये. आगीने जात किंवा पंथ विचारिला नाही. भाकरी देताना उपासनेस येण्याची अट घालणारा उपदेशक देणाऱ्यांचाही विश्वासघात करितो. आणि ज्याच्या हातून आग लागली असा गावास संशय आहे, त्याच्या मुलांस धान्य द्यावे की नाही? द्यावे. चौकशी वनखात्याची, चूल आपली. मेंढा-लेखा या गडचिरोलीतील गावी, ज्यास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने ठरविते. वाटप अशाच उघड्या सभेत ठरले तर कुरबूर कमी होते. घरे व गुरे गेली असतील तर तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत राख उपसू नये.

तथापि पुनःपुन्हा वर्गणी मागावी लागणे बरे नव्हे. पुष्कळ आगी आकाशातून पडत नाहीत. मोहाखालील पाचोळ्यात फुले दिसत नाहीत म्हणून तो पेटवितात. तेंदूस कोवळी पाने फुटावी म्हणूनही रान जाळितात. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर रानाचा हक्क मिळाला. तेंदूपानांचा धंदा रोख पैसा देणारा. परंतु त्यापायी झाडे छाटावी लागतात व आगी लावाव्या लागतात, हे पाहून त्या गावाने तो आपण होऊन सोडिला. आता तेंदूची फळे झाडावर पिकतात व खावयास मिळतात.

प्रत्येक गावास एवढा त्याग झेपेल असे नाही. पण पाचोळा झाडून बाजूस करणे, झाडाखाली जाळी वा जुने लुगडे अंथरणे, आणि रानाच्या कडेने जाळरेषा काढण्यास वनरक्षकाबरोबर घरटी एक माणूस देणे, यास पैसा फारसा लागत नाही. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे ठेवण्याची जी चाल कित्येक मंडळ्यांत आहे, त्याच मडक्यातून या श्रमकऱ्यांचे दुपारचे जेवण निघू शकेल. सभा मात्र माघात बोलवावी. मोह गळू लागला म्हणजे पहाटेपासून कोणी घरी सापडत नाही.