गाव हीच प्रयोगशाळा

२००८ साली पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एक आगळी दहीहंडी रंगली. आशिया आणि प्रशांत महासागर परिसरातील देशांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी भरणारी ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानवांची स्पर्धा त्या वर्षी भारतात होती आणि तिचा विषय होता ‘गोविंदा’. विद्यार्थ्यांनी घडवलेले यंत्रमानव मडक्यातील लोण्यापर्यंत पोहोचण्यासाठी झटत होते.

यंत्रमानव म्हटले की माणसासारखे हातपाय असलेले यंत्र डोळ्यांसमोर येते. परंतु ते आवश्यक नाही. परिसरातील एखादी गोष्ट मोजणे, त्या मापावरून निर्णय घेणे आणि तो निर्णय कृतीत आणणे, एवढे यंत्राला साधले की पुरे. पांढऱ्या फरशीवरील काळ्या रेषेवरून चालणारी लहानशी गाडी याचे सोपे उदाहरण आहे. काळा रंग प्रकाश शोषून घेतो, पांढरा परावर्तित करतो. गाडीखालील संवेदक हा फरक ओळखतो आणि त्यानुसार उजवी किंवा डावी मोटर फिरते. हे ज्ञान महाविद्यालयाच्या भिंतींआड राहिले, तर शाळा सुटलेल्या तरुणाला त्याचा काय उपयोग? बालेवाडीच्या स्पर्धेपूर्वी पंचवीस वर्षे पुणे जिल्ह्यातच या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आरंभ झाला होता.

पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. हा भाग अवर्षणप्रवण. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे ‘विज्ञान आश्रम’ स्थापन केला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. मुंबईतील स्थिर जीवन सोडून ते पत्नी मीराताई यांच्यासह पाबळला राहावयास आले आणि २००३ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले. मूल हाताने काम करता करता जे शिकते ते पक्के होते, अशी त्यांची धारणा होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीमशी तिचे नाते उघड आहे. फरक एवढाच, की गांधीजींच्या विचारात केंद्रस्थानी चरखा होता. कलबागांनी त्याच्या जोडीला वेल्डिंग, वीजजोडणी, रक्तचाचणी आणि पुढे संगणकही आणला.

या विचारातून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आकारास आला. आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या विभागांत प्रत्यक्ष काम करतात. त्यांना शिकवतात ते बहुधा परिसरातीलच कुशल कारागीर. ज्याच्या हातात कसब आहे त्याला शिक्षकाचा मान देणे ही आपल्या शाळांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. याहून महत्त्वाचे म्हणजे, विद्यार्थ्यांनी केलेले काम वर्गातच संपत नाही. शाळेला लागणारे बाक, शेतकऱ्याच्या मातीची तपासणी, मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिनची नोंद अशी खरी कामे त्यांच्याकडे येतात.

त्यांपैकी एक काम सविस्तर पाहण्यासारखे आहे. कोरडवाहू शेतकऱ्यापुढे विहीर कोठे खोदावी हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. जागा चुकली तर कर्ज काढून उभा केलेला पैसा खडकात जातो. विज्ञान आश्रमाने जमिनीचा विद्युतरोध मोजणारे स्वस्त उपकरण तयार केले आणि ते वापरण्यास विद्यार्थ्यांना शिकवले. शेतात एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधील विद्युतदाब मोजायचा. कोरडा, अखंड काळा पाषाण प्रवाहाला मोठा विरोध करतो; भेगाळलेला, पाणी धरून असलेला थर तो सहज वाहू देतो. सळयांमधील अंतर वाढवत नेले की प्रवाह अधिक खोलवरून जातो, म्हणून खालच्या थरांचाही अंदाज येतो. आलेले आकडे आलेखावर मांडले, की वर्गात फळ्यावर रुक्ष वाटलेला ओहमचा नियम शेतकऱ्याच्या बांधावर बोलू लागतो.

तरीही हे उपकरण पाणी ‘दाखवत’ नाही. चिकणमातीचा थरही विद्युतप्रवाहाला कमी विरोध करतो. म्हणून मोजमापाबरोबर आजूबाजूच्या विहिरी, जमिनीचा उतार आणि खडकाचा प्रकार पाहावा लागतो आणि शेतकऱ्याला हमी न देता शक्यताच सांगावी लागते. पंधरा वर्षांच्या मुलाने वडीलधाऱ्या माणसाला ‘येथे खोदणे धोक्याचे वाटते’ असे सांगणे सोपे नाही. प्रयोगवहीतील चुकीचा आकडा खोडता येतो. शेतात चुकलेल्या आकड्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते. अचूकतेचा धडा याहून कडक रीतीने कोणती परीक्षा देईल?

पुढे २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर रेखाटलेली वस्तू यंत्राच्या साहाय्याने कापून, कोरून घडवण्याची ही कार्यशाळा. अमेरिकेबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. अंडी उबवणाऱ्या पेटीत तापमान मोजणारा संवेदक आणि दिवा चालूबंद करणारे मंडल असते. रेषेवरून धावणाऱ्या गाडीचे तत्त्व येथे कुक्कुटपालनाच्या कामी येते. २०१६ पासून देशभरातील शाळांत ‘अटल टिंकरिंग प्रयोगशाळा’ सुरू झाल्या. त्यामुळे रायपूरपासून रत्नागिरीपर्यंतच्या मुलांच्या हाती संवेदक, मोटरी आणि त्रिमिती मुद्रक आले आहेत. साधने पुष्कळ वाढली, हे चांगलेच झाले. मात्र पाहुण्यांपुढे वर्षातून एकदा यंत्रमानव नाचवून तो कपाटात ठेवला, तर पाबळच्या चार सळया त्याहून श्रेष्ठ ठरतील.

शाळा सुटलेल्या तरुणांसाठी विज्ञान आश्रम एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालवतो. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता लाभली आहे. दहावीत नापास झालेली, इंग्रजी व गणिताच्या धास्तीने शाळेपासून दूर गेलेली मुले येथे येतात. लोखंडी चौकटीसाठी किती पट्टी लागेल, खत एकरी किती पडेल, कामाचा दर काय सांगावा, हे ठरवताना तेच गणित त्यांना पुन्हा भेटते. या वेळी त्यांच्या हातात मोजपट्टी असते आणि समोर काम सांगायला आलेला गावकरी उभा असतो.