हरितगृहातील दव

चंदीगड शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी व दाट धुके पडते. अशा दिवसांत पॉलिकार्बोनेटच्या हरितगृहात माती व पाने यांतून निघालेली वाफ थंड छताला लागून तिचे पाणी होते. ते रोपांवर ठिबकल्यास बुरशी वाढते. दुपदरी पत्र्यांच्या पोकळ नळ्यांत दमट हवा शिरून पाणी साचल्यास शेवाळ धरते व प्रकाश अडतो. म्हणून नळ्या छताच्या उताराच्या दिशेने येतील असे पत्रे बसवावेत. नळ्यांची वरची तोंडे हवाबंद पट्टीने, तर खालची सच्छिद्र पट्टीने झाकावीत. म्हणजे पाणी खाली निथळते आणि धूळ व किडे आत शिरत नाहीत. ऊन पडताच झडपा उघडून दमट हवा बाहेर जाऊ द्यावी.