मधाचं बोट

अगं, बाळाला मध चाटवण्यावरून घरात वाजलं ना? काल फोनवर तुझ्या आवाजावरूनच ओळखलं.

आधी सांगून टाकते, तुझं म्हणणं खरं आहे. वर्षाच्या आत मध नाहीच. त्यातले जिवाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, मग बाळ लुळं पडतं. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. इथे माघार घेऊ नकोस. पण खरं असणं वेगळं आणि पाहुण्यांदेखत सासूबाईंना 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणणं वेगळं.

सहाणेवर मुरडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून, त्याची गुटी चाटवून त्यांनी तुझ्या नवऱ्याला वाढवलं. तू गुटी नको म्हणालीस की त्यांना ऐकू येतं, 'तुम्ही पोरं नीट वाढवली नाहीत.' म्हणून तर 'आमची नाही का वाढली?' येतं. तिथे वाद घालू नकोस. 'वाढली की आई, तुम्ही किती केलंत' म्हण आणि दीड महिन्याच्या लसीला त्यांनाच सोबत ने. मध, गुटी, काय ते त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे. सुनेचं ऐकणं जड जातं, डॉक्टरांचं ऐकण्यात कमीपणा नसतो. (डॉक्टरांना आधी फोन करून ठेवलास तर मी कुणाला सांगणार नाही.)

आणि नवरोबा कुठे आहेत? आईशी बोलणं हे त्याचं काम. तेच वाक्य तू बोललीस तर सून शिकवते, तो बोलला तर मुलाला काळजी. अन्याय आहे गं, पण बाळंतपणात तो निस्तरायला बसू नकोस.

सगळ्यालाच नाही म्हणू नकोस मात्र. मालिश त्यांच्या हाती दे, फक्त नाकाकानात तेल नको. काजळात शिसं असू शकतं, म्हणून ते डोळ्यांत नको. ओव्याची धुरीही नको, धूर एवढ्याशा छातीला सोसत नाही. अळिवाचे लाडू मात्र मुकाट्यानं खा. आवडत नसले तरी. ते तुझ्यासाठी केलेत.

तरीही गुपचूप बोट चाटवलंच, तर दुपारी दोघीच असताना सांग, 'आई, मला याची भीती वाटते. हे नाही चालणार.' आवाज चढवू नकोस, शब्दही फिरवू नकोस. रुसतील त्या. रुसू देत. तू जेवायला हाक मारत राहा.