दोघांची वाट

२ फेब्रुवारी १९४९ ची सकाळ. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या पश्चिम भागातून एक मोटार पूर्वेकडे चालली होती. मोटारीत दोघेच होते : बेन होगन हा विख्यात गोल्फपटू आणि त्याची पत्नी व्हॅलेरी. लागोपाठच्या स्पर्धांनी आणि प्रवासाने थकलेली ती दोघे विश्रांतीसाठी फोर्ट वर्थ या आपल्या गावी परतत होती. रस्त्यावर दाट धुके पसरले होते, म्हणून बेनने मोटारीचा वेग कमी केला होता. इतक्यात एक अरुंद पूल लागला. समोरून एक अवजड मालमोटार येत होती आणि तिला मागे टाकण्याच्या घाईत एक प्रवासी बस आपली बाजू सोडून थेट बेनच्या वाटेत आली. धुक्यातून एकाएकी दोनऐवजी चार दिवे समोर दिसले. पुलावर बाजूला वळावयास जागाच नव्हती.

बेनच्या हाती जेमतेम एक क्षण होता. त्या क्षणात त्याने स्टिअरिंग सोडले आणि शेजारी बसलेल्या व्हॅलेरीला वाचविण्यासाठी तो तिच्या अंगावर आडवा झाला. लगेच बस मोटारीवर आदळली. इंजिन आत रेटले गेले आणि स्टिअरिंगचा लोखंडी दांडा चालकाच्या बैठकीत घुसला. बेन आपल्या जागी बसून राहिला असता, तर तो खचित वाचला नसता. पत्नीच्या रक्षणासाठी केलेल्या त्या हालचालीने त्याचे स्वतःचेही प्राण राखले. व्हॅलेरीला किरकोळ दुखापती झाल्या. बेनचे कमरेचे हाड मात्र दोन ठिकाणी मोडले; गळ्याजवळचे हाड आणि डावा घोटाही मोडला; एका बरगडीला इजा झाली.

भोवती माणसे जमली. रुग्णवाहिकेस कोणीतरी बोलाविले असेलच, असे प्रत्येकास वाटले आणि म्हणून कोणीच बोलाविले नाही! सुमारे दीड तास जखमी बेन तसाच रस्त्याच्या कडेला पडून होता. आज महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक लावला, की रुग्णवाहिका येते. पण तो लावण्यासाठी गर्दीतील एकाने पुढे व्हावे लागते, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा नाही. विस्तीर्ण हिरवळीवर दूरदूर असलेल्या अठरा खळग्यांत, काठीच्या कमीत कमी तडाख्यांनी चेंडू घालावयाचा, असे या खेळाचे स्वरूप आहे. अठरा खळग्यांची एक फेरी पुरी करावयाची, म्हणजे खेळाडूस चार-पाच मैलांची चाल घडते. हातांचे कौशल्य आणि पायांचे बळ, दोन्ही असल्यावाचून या खेळात निभाव लागत नाही.

बेन हा गरिबीतून वर आलेला मनुष्य होता. त्याचे वडील लोहारकाम करीत. बेन नऊ वर्षांचा असतानाच, १९२२ साली, त्यांचा मृत्यू झाला. पुढे लहान वयातच तो गोल्फच्या मैदानावर इतर खेळाडूंच्या काठ्या वाहून चार पैसे मिळवू लागला आणि पाहता पाहता स्वतः खेळू लागला. १९३५ साली व्हॅलेरीशी त्याचा विवाह झाला. पण यश काही लवकर हाती आले नाही. जुन्या मोटारीतून ती दोघे गावोगावच्या स्पर्धांना जात, काटकसरीने राहत आणि बहुधा रिकाम्या हातांनी परतत. एकदा पैसे संपत आले, तेव्हा बेनने खेळ सोडून देण्याचा विचार बोलून दाखविला. व्हॅलेरीने त्याला धीर दिला आणि त्याचे मन वळविले. १९३८ साली ओकलंड येथील स्पर्धेच्या वेळी तर सकाळी उठून पाहतात, तो मोटारीची चाके चोरीस गेलेली! त्याच स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाने त्यांना तारले.  १९४८ साली बेनने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. असे सुखाचे दिवस आले असतानाच हा अपघात झाला.

बेनला शंभर मैलांहून अधिक दूर असलेल्या एल पासो शहरातील रुग्णालयात नेण्यात आले. घर तेथून सुमारे सहाशे मैल लांब. परक्या शहरात व्हॅलेरी त्याच्या उशाशी बसून राहिली. मोडलेली हाडे हळूहळू सांधू लागली आणि घरी जाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. इतक्यात नवे संकट उभे राहिले.

मनुष्य पुष्कळ दिवस अंथरुणास खिळून राहिला, की पायांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो आणि शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होऊ लागतात. अशी गाठ सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर प्राणावर बेतते. म्हणूनच आज डॉक्टर रुग्णाला शक्य तितक्या लवकर हालचाल करावयास लावतात. बेनच्या शरीरात अशीच एक गाठ फुप्फुसापर्यंत पोचली. न्यू ऑर्लीन्स येथील डॉ. आल्टन ऑक्सनर हे या शस्त्रक्रियेतील नामांकित तज्ज्ञ होते. त्यांना तातडीने बोलाविण्यात आले आणि लष्कराच्या विमानातून ते एल पासोला येऊन पोचले. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर बांधून टाकावयाची, असे ठरले. शीर बांधली नाही, तर पुढची गाठ केव्हा घात करील, याचा नेम नव्हता. बांधली, तर प्राण वाचणार, पण पायांतील रक्त परत फिरावयास लहान शिरांचीच वाट उरणार. मग पाय सुजणार, दुखणार, आणि तेही जन्मभर. ज्याचे सारे आयुष्य चालण्यावर उभे होते, त्याच्याविषयी असा निर्णय घेण्याची ती घटका व्हॅलेरीला किती कठीण गेली असेल! मार्चच्या आरंभी शस्त्रक्रिया झाली आणि बेन वाचला.

अपघाताला सुमारे दोन महिने झाल्यावर, १ एप्रिल १९४९ रोजी, बेन रुग्णालयातून बाहेर पडला. आगगाडीने ती दोघे घरी आली. रुग्णालयात परिचारिका असतात, डॉक्टर असतात, घंटा वाजविली की कोणी तरी धावत येते. घरी आल्यावर ही सारी माणसे जातात आणि त्यांची कामे मात्र मागे राहतात. उठविणे, बसविणे, औषधाच्या वेळा सांभाळणे, रात्री कण्हण्याचा आवाज झाला की जागे होणे, ही कामे घरच्या माणसालाच करावी लागतात. होगन दांपत्याला मूल नव्हते. घरात ती दोघेच. काल दोघांनी मिळून चालविलेला संसार आज एकीच्या खांद्यावर आला होता. त्यातच अनोळखी लोकांची असंख्य पत्रे येत होती. मैदानावर फारसा न बोलणाऱ्या या खेळाडूवर आपला इतका लोभ आहे, हे लोकांनी त्या पत्रांतून प्रथमच त्याला कळविले. त्या पत्रांनी बेनच्या मनाला मोठा आधार मिळाला.

हा मनुष्य पुन्हा खेळेल, अशी आशा फारशी कोणास नव्हती. तो नीट चालू लागला तरी पुष्कळ, असेच जाणत्यांचे मत होते. बेनने मात्र चालावयास आरंभ केला. प्रथम दिवाणखान्यात फेऱ्या. आज इतक्या, तर उद्या त्याहून काही अधिक. मग घराबाहेर. जो मनुष्य एका दिवसात सहज दहा मैल चालत असे, त्याला आता आपल्या घराभोवतीचा रस्ता ओलांडणे हीच एक यात्रा झाली. कधी अंदाज चुके, पाय साथ देत नसत आणि रस्त्याच्या कडेलाच बसून राहावे लागे. मग त्याला घरी आणावयास कोणी तरी जावे लागे.

अशा वेळी घरच्या माणसाने काय करावे? ‘आज राहू द्या, पाय सुजले आहेत,’ असे म्हणून त्याला थांबवावे, की काळजी गिळून दार उघडून द्यावे? थांबविले, तर पाय कायमचे दुबळे राहतील आणि मन त्याहून दुबळे होईल. जाऊ दिले, तर वाटेत काय घडेल, हे सांगता येत नाही. शुश्रूषा करणाऱ्याची खरी परीक्षा येथेच असते. आपल्या माणसाला वेदना होताना पाहून त्याच्यासाठी सर्व काही आपणच करावे, असा मोह होतो. पण त्याला जे करता येण्यासारखे आहे, ते त्यालाच करू द्यावे लागते. व्हॅलेरी चिंतेत असे. पण तिने बेनची वाट अडविली नाही. पूर्वी यश दूर असताना तिने त्याला धीर दिला होता; आता पाऊलच दूर झाले असताना ती त्याच्या मागे उभी राहिली.

सप्टेंबर १९४९ मध्ये बेन अमेरिकेच्या संघाचा न खेळणारा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला. डिसेंबरमध्ये अपघातानंतर प्रथमच त्याने अठरा खळग्यांची फेरी पुरी केली. जानेवारी १९५० मध्ये लॉस एंजेलिस येथील स्पर्धेत तो उतरला, तेव्हा पाहणाऱ्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या स्पर्धेत त्याने सॅम स्नीड या नामवंत खेळाडूशी बरोबरी साधली; पुढे निर्णायक फेरीत मात्र त्याची हार झाली.

जून १९५० मध्ये, अपघाताला सोळा महिने झाले असता, मेरियन येथे अमेरिकेची खुली स्पर्धा भरली. बेनची सकाळ आता इतर खेळाडूंसारखी नव्हती. ऊन पाण्यात बराच वेळ पाय शेकावयाचे, मग घोट्यांपासून मांड्यांपर्यंत घट्ट पट्ट्या गुंडाळावयाच्या आणि मगच मैदानावर जावयाचे. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी एकाच दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे छत्तीस खळगे, खेळावे लागत. दुसऱ्या फेरीत बेनचे पाय जवळजवळ निकामी झाले होते. तरीही त्याने खेळ सोडला नाही. दिवसअखेर तिघांची बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी आणखी अठरा खळगे खेळावे लागले. त्या फेरीत लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फाझिओ या दोघांना मागे टाकून बेनने स्पर्धा जिंकली.

१९५३ साली त्याने तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्या वर्षी न्यूयॉर्क नगरीने त्याची मिरवणूक काढली, तेव्हा त्या अबोल माणसाचे डोळे भरून आले. बेनने एकंदर नऊ प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी तीन अपघातापूर्वीच्या, सहा त्यानंतरच्या!

विजेत्यांच्या यादीत बेन होगनचे नाव आहे; व्हॅलेरीचे नाही. ते तेथे असणारही नाही, कारण अशा याद्यांत खेळ नोंदला जातो, जागरण नोंदले जात नाही. बेनने एका क्षणात पत्नीसाठी आपला जीव पुढे केला. ते धैर्य थोरच. परंतु त्यानंतर आलेल्या दिवसांना आणि रात्रींना पुरेल असे धैर्य व्हॅलेरीने दाखविले आणि ते पाहावयास तेथे कोणी प्रेक्षक नव्हते. या दोघांचा संसार बासष्ट वर्षांचा झाला. १९९७ साली बेन वारला आणि १९९९ साली व्हॅलेरी.

मुलांनो, घरात कोणी आजारी असले, म्हणजे येणारा-जाणारा रुग्णाची विचारपूस करतो : ‘आता कसे वाटते?’ हे योग्यच आहे. परंतु त्याच घरात, पाणी तापविणारे, पथ्याचे जेवण शिजविणारे, रात्री दोन वेळा उठणारे आणखी एक माणूस असते. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वडील अंथरुणाला खिळलेले असतील, तर त्यांच्या उशाशी जरूर बसा. पण स्वयंपाकघरातही डोकावा आणि विचारा, ‘आई, तू जेवलीस का?’ आई आजारी असेल, तर तोच प्रश्न वडिलांना विचारा. मग जेवणाचे ताट तुम्ही वाढा, औषधाची एखादी वेळ तुम्ही सांभाळा. एका माणसाला पुन्हा उभे करण्याचे काम एका माणसाने एकट्याने करावयाचे नसते.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) पुलावर अपघात कशामुळे झाला?
(आ) बेनने केलेल्या हालचालीने दोघांचे प्राण कसे वाचले?
(इ) रुग्णवाहिका येण्यास उशीर का झाला? त्यावरून कोणता धडा घ्यावा?
(ई) मोठी शीर बांधण्याची शस्त्रक्रिया का करावी लागली? तिचा बेनच्या पायांवर कोणता परिणाम होणार होता?

२. ‘शुश्रूषा करणाऱ्याची खरी परीक्षा येथेच असते.’ लेखकाने असे का म्हटले आहे, ते आपल्या शब्दांत सांगा.

३. बेनचे धैर्य आणि व्हॅलेरीचे धैर्य यांत कोणता फरक आहे? तुमच्या मते कोणते अधिक कठीण? कारणे द्या.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा :
अंथरुणास खिळणे, प्राणावर बेतणे, निभाव लागणे, मन वळविणे, डोळे भरून येणे.

५. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी दीर्घकाळ आजारी असताना त्यांची सेवा करणाऱ्या व्यक्तीचा दिवस कसा जात असे, याचे दहा-बारा ओळींत वर्णन करा.