पदवीचा हिशेब

मुलांनो, पदवीचा खर्च भरून निघतो का? माझ्या वेळी भारतात सरकारी कॉलेजची फी नाममात्र होती. तुमचे इथे तसे नाही, म्हणून हिशेब मांडू या.

अमेरिकेत २०२३ साली पूर्णवेळ नोकरदारांचा आठवड्याचा मध्यक पगार (मध्यक म्हणजे रांगेतला मधला) असा होता:

हायस्कूल: ८९९ डॉलर
कॉलेज अर्धवट: ९९२ डॉलर
चार वर्षांची पदवी: १,४९३ डॉलर

अर्धवट सोडल्यास वाढ फक्त ९३ डॉलरची. कर्ज मात्र फेडावेच लागते. तेव्हा झेपेल तेच कॉलेज निवडा, पण पुरे करा. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात गेलात, तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते.

गृहपाठ: पदवीधर व हायस्कूलवाल्यांच्या पगारात वर्षाचा फरक किती? उत्तर आई-बाबांना मराठीत समजावून सांगा.