टपाली मतदानाचा अधिकार कोणाला?

मतदार गावी नसला की त्याचे मत टपालाने घेतले जाते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. मिरकरवाडा बंदराचेच उदाहरण घ्यावे. ७ मे २०२४ रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा १ जूनची मासेमारी बंदी दूर होती. त्या दिवशी नौकेवर असलेल्या खलाशाला टपाली मतपत्रिकेची सोय नव्हती. व्यापारी जहाजावरील नाविकाची स्थितीही तीच. आखातात नोकरीस असलेल्या नागरिकाचे नाव यादीत नोंदता येते. मात्र मतासाठी त्याला मूळ पारपत्रासह केंद्रावरच यावे लागते.

लोकसभा व विधानसभा निवडणुकांत हा अधिकार मोजक्या वर्गांना आहे: सैन्यदलांतील जवान, राज्याबाहेर सेवेत असलेले राज्य सशस्त्र पोलीस, परदेशी नेमलेले शासकीय कर्मचारी, निवडणूक कामावरील कर्मचारी आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्ती. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यास मतदानाचाच हक्क नाही. आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांचाही समावेश होतो. मच्छीमाराचे काम त्यांत गणले जात नाही, हे खटकते.

ग्रामस्थांना अधिक उपयोगी तरतूद वृद्धांची व अपंगांची. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना, तसेच २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांना (पूर्वी ही मर्यादा ८० होती) घरीच मत देता येते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ डी भरून द्यावा लागतो. अर्ज मंजूर झाल्यावर मात्र केंद्रावर मतदान करता येत नाही, हे अर्ज भरून घेतानाच सांगावे.