टेकडीवरची गन

बारा वर्षं झाली, एक रविवार आड आमचं जेवणाचं टेबल कधी इटली होतं, कधी नॉर्मंडी. खेळ दुसऱ्या महायुद्धाचा, सैनिक १:७२ मापाचे, बोटाच्या पेराएवढे. समोर भाचा. इतक्या वर्षांत रणगाड्यांनी मला हरवलं नसेल इतकं मशीनगनने हरवलंय, आणि बऱ्याचदा ती माझी स्वतःचीच गन होती. त्या मारातून जे शिकलो ते असं.

१. टेकडी दिसली की गन तिथे नेऊन ठेवू नका.

पहिल्याच खेळात मी एमजी ४२ ही जर्मन मशीनगन टेकडीच्या माथ्यावर बसवली. (टेकडी म्हणजे हिरव्या कापडाखाली शब्दकोशाचे दोन खंड.) तिथून सगळं टेबल दिसत होतं. सगळ्या टेबलालाही ती दिसत होती, हे भाच्याच्या मॉर्टरने दुसऱ्याच डावात पटवून दिलं. शिवाय उंचावरून मारलेली गोळी तिरकी येते आणि मातीत घुसते. सपाटीवरून सोडलेली गोळी गुडघ्या-कमरेच्या उंचीने लांबवर जाते, वाटेत येईल त्याला गाठते. आता माझी गन बांधाच्या टोकाशी, खाली बसते.

२. अंगावर येणाऱ्याला समोरून नाही, बाजूने गाठा.

हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकाच नेमावर सोडलेल्या गोळ्या एका ठिपक्यावर पडत नाहीत, मागे-पुढे पसरतात. वरून पाहिलं तर त्या पडतात त्या जागेचा आकार काकडीसारखा, लांबट आणि अरुंद. आता दहा जण शेजारी शेजारी रांग धरून येताहेत. समोरून मारलं तर काकडीचं टोक रांगेला लागतं आणि एखाददुसरा सापडतो. बाजूने मारलं तर काकडी अख्ख्या रांगेवर आडवी होते. गोळ्या तितक्याच, गन तीच.

बऱ्याच नियमावल्या हा फरक धरतच नाहीत, समोरून जितके फासे तितकेच बाजूने. म्हणून आम्ही घरचा नियम केलाय. शिवणाच्या डब्यातला दोरा गनच्या नळीपासून ताणायचा आणि एका दोऱ्याखाली तीन किंवा जास्त सैनिक आले तर दोन फासे जादा. मग भाचा गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून टेबलाच्या कडेशी नजर लावतो. ‘मामा, चौथ्याची फक्त टोपी आहे तुझ्या दोऱ्याखाली.’ टोपीवरून आम्ही पंधरा मिनिटं भांडलोय.

दोन गन असतील तर दोघींची तोंडं आतल्या बाजूला वळवा. डावीने उजवीचं अंगण राखायचं, उजवीने डावीचं.

३. पल्ला मोजत बसू नका.

सहा फुटी टेबल १:७२ मापाने ४३२ फूट होतं, म्हणजे जेमतेम १३० मीटर. ब्रिटिशांची हलकी ब्रेन गनसुद्धा साधारण साडेपाचशे मीटरपर्यंत भरवशाची. सगळं टेबल पल्ल्यातच आहे. मोजायचं ते आडोसे आणि खळगे.

४. मेलेले मोजू नका, चिंचोके मोजा.

गनच्या माराने दडपलेल्या तुकडीजवळ आम्ही चिंचोका ठेवतो. चिंचोका असलेली तुकडी हलत नाही, नीट नेमही धरत नाही. नवा खेळाडू गनने किती पडले ते विचारतो आणि आकडा ऐकून नाराज होतो. गनने तीन तुकड्यांना जमिनीवर झोपवलं आणि तेवढ्या वेळात तुमचे रायफलवाले ओढ्यातून पुढे सरकले, तर एकही न मरता तिने डाव जिंकला.

५. गन खादाड असते.

एमजी ४२ मिनिटाला बाराशे गोळ्या ओकते, सेकंदाला वीस. अडीचशेचा पट्टा तेरा सेकंदांच्या आत संपतो, आणि तापलेली नळी सारखी बदलावी लागते. जर्मन तुकडीतले रायफलवाले पट्टे वाहायचे ते उगाच नाही. ब्रेनच्या मॅगझिनमध्ये तर ३०च गोळ्या. गनरला गोळ्या पुरवणारा नंबर दोनचा सैनिक पडला तर आम्ही गनचे निम्मे फासे काढून घेतो.

६. तोंड उघडायची घाई नको.

गन बोलली की तिची जागा फुटते. पाण्याने थंड होणाऱ्या व्हिकर्स मशीनगनला एक नळी जोडलेली असे. उकळत्या पाण्याची वाफ त्या नळीतून डब्यात जायची. त्याने पाणी वाचे आणि वाफेचा ढग शत्रूला ठिकाण सांगत नसे. एवढी काळजी घेणारे पहिल्याच दिसलेल्या टेहळ्यावर पट्टा रिकामा करत नसत. मी मात्र अजूनही करतो.

७. गनवर एकटी तुकडी सोडू नका.

एकीने ब्रेनने दाबून धरायचं, दुसरीने बाजूने हातबॉम्बच्या टप्प्यात जायचं. मागच्या खेळात ते न केल्याने माझ्या मराठा तुकडीतला एकच नाईक उरला. भाचा म्हणाला, ‘एकटा उरला की तो मागे फिरतो, नियम आहे.’ नियम बरोबर होता, मी सैनिक उचलला. पण भाच्याला एक खरी गोष्ट सांगितली.

१० जुलै १९४४, इटलीतलं तिबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे. जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. सोबत यायला कोणी उरलं नाही हे ठाऊक असून ते गनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि गनर संपवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

ते माणगाव तालुक्यातले. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला गाडी तशीही अडकतेच. तिथे त्यांचा पुतळा आहे, उतरून पाहा.